माहुलीची चिखलवाट आणि आपले गद्य

जुलै उजाडला की मराठी नियतकालिकांकडे पावसाळी सहलींच्या वर्णनांचा ओघ सुरू होतो. आपले त्रैमासिकही त्याला अपवाद नाही. वसई, ठाणे, कल्याण आणि मुंबईच्या धर्मग्रामांतील युवक-युवती रविवारची पहाटेची मिस्सा आटोपून कसारा गाडी पकडतात, आसनगावला उतरतात, स्थानकापासून पाचेक किलोमीटरवरचे माहुली गाव गाठतात आणि भिजत भिजत माहुलीगड चढतात. परतल्यावर त्यांच्यापैकी एखाददुसरा लेखणी हाती घेतो. हे लेख मी गेली कित्येक वर्षे आवडीने वाचत आलो आहे. त्यांतील उत्साह खरा असतो, भाषा बहुधा शुद्ध असते, आणि तरीही वाचून झाल्यावर असे जाणवते की आपण पुन्हा एकदा तोच लेख वाचला. डोंगर बदलतो, साल बदलते, गद्य बदलत नाही. असे का व्हावे, याचा थोडा साक्षेपाने विचार करावा, म्हणून हे टिपण.

लेखाचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. आरंभी धरणीमाता हिरवा शालू नेसते. पाठोपाठ धुक्याची दुलई येते. धबधबे दुधाळ असतात आणि ते कड्यावरून स्वतःला ‘झोकून’ देतात. मध्यावर इतिहासाचा एक परिच्छेद येतो. शेवटी माथ्यावर पोहोचल्यावर ‘स्वर्ग दोन बोटे उरतो’ आणि निसर्गदेवतेच्या मुक्त उधळणीपुढे लेखक नतमस्तक होतो. यांतली एकेक उपमा कधीकाळी कुणाला तरी सुचलेली होती आणि तेव्हा ती ताजी असेल. आता ती भिजलेल्या आगकाडीसारखी झाली आहे. कितीही घासली तरी पेटत नाही. पण उपमा शिळ्या आहेत एवढीच माझी तक्रार नाही. भर पावसात माहुली चढणाऱ्याला हिरवा शालू दिसतच नाही, ही माझी खरी तक्रार आहे. त्याला पुढच्या माणसाची टाच दिसते.

पावसातल्या चढणीचे वैशिष्ट्य नेमके हेच आहे की पाऊस दृश्य काढून घेतो. हिवाळ्यात माहुलीच्या माथ्यावरून तानसा तलावाचे पाणी दिसते, सुळके दिसतात, दूरवरचा मुलूख दिसतो. आषाढात दहा पावलांपलीकडचे झाड दिसत नाही. उरते ते पायाखालचे. वाटेचा ओहोळ झालेला असतो. सागाच्या रुंद पानांवर सरीचा आवाज इतका मोठा होतो की शेजाऱ्याशी ओरडून बोलावे लागते. सर थांबली तरी झाडांखाली पाऊस चालूच राहतो, कारण आभाळातून एकदा पडलेले पाणी फांद्यांवरून दुसऱ्यांदा पडते. रेनकोटच्या आत घामाने भिजतो, बाहेर पावसाने, आणि तासाभराने या दोन ओलाव्यांतला फरक कळेनासा होतो. शेवाळलेल्या कातळावर पाय ठेवण्याआधी मन क्षणभर थबकते. माथ्याजवळच्या लोखंडी शिडीचा गारवा तळहाताला लागतो, तेव्हा कुठे डोंगर संपत आल्याचे समजते. डोळ्यांना त्याचा पत्ताच नसतो. ही सारी सामग्री आपल्या तरुण लेखकाच्या अंगावरून गेलेली असते. कागदावर मात्र तो तिला दूर सारून, पावसाने हिरावलेले दृश्य उसन्या विशेषणांनी पुन्हा उभे करतो. न पाहिलेले लिहितो आणि अनुभवलेले गाळतो. टीकाकाराच्या दृष्टीने हा दोष शैलीचा कमी आणि सचोटीचा अधिक आहे.

यात शाळेचाही वाटा आहे. बालकवींची ‘श्रावणमासी’ ही कविता आपण सर्वांनी पाठ केली. ऊनपावसाच्या खेळाची ती कविता निर्दोष आहे आणि तिच्याविषयी मला काडीचीही तक्रार नाही. परंतु बालकवी खानदेशातील धरणगावचे. पुढे तेव्हाच्या अहमदनगरला रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घरी ते राहिले. दोन्ही मुलूख सह्याद्रीच्या पलीकडचे, बेताच्या पावसाचे. तिथला श्रावण क्षणात शिरवे आणि क्षणात ऊन असा असू शकतो. आसनगावचा श्रावण वेगळा आहे. इथला पाऊस वर्षाला शंभर इंचांच्या घरात जातो, झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि चुलीपाशी टांगलेले कपडेही वाळत नाहीत. तरी आमचा तरुण लेखक माहुलीवर खानदेशचा श्रावण घेऊन चढतो. इंद्रधनुष्य त्याच्या लेखात हमखास असते. मराठीत पावसाला झड, सर, रिपरिप, भुरभूर, झिमझिम, पागोळी, वळीव, उघडीप असे किती शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्द वेगळ्या पावसाचा आहे. आपल्या लेखांत दोनच पाऊस पडतात: एक रिमझिम, दुसरा धो धो.

आता इतिहासाच्या परिच्छेदाकडे वळू. निजामशाही सावरू पाहणाऱ्या शहाजीराजांना १६३६ साली याच गडावर मोगल आणि आदिलशाही फौजांनी कोंडीत पकडले आणि येथेच त्यांना शरण जावे लागले. पुढे गड शिवाजी महाराजांकडे आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला आणि १६७० साली स्वराज्यात परत आला. ही माहिती खरी आहे, महत्त्वाचीही आहे. पण ती लेखात पाकिटावरच्या तिकिटासारखी चिकटवलेली असते. महादरवाजाच्या पडक्या देवड्यांत पाऊस चुकवीत उभे असताना वेढ्यातल्या माणसांना हाच पाऊस कसा लागला असेल, दाणागोटा ओला झाला तर काय केले असेल, इतका साधा प्रश्नही लेखकाला पडत नाही. इतिहास आणि पाऊस एकाच लेखात असून एकमेकांना भेटत नाहीत.

या दोहोंची भेट घालून देणारा लेखक मराठीत होऊन गेला. गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांनी पायाने लिहिले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. ‘दुर्गदर्शन’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ या पुस्तकांत वाट ही वाट असते; तिला चढ असतो, तहान असते, वाटाड्या असतो आणि त्या वाटाड्याला स्वतःची बोली असते. तरीही मला त्यांच्या दुर्गलेखनापेक्षा त्यांच्या दोन कादंबऱ्या या विषयात अधिक मोलाच्या वाटतात. दुर्गलेखनात इतिहासभक्तीचा पूर कधीकधी इतका चढतो की खुद्द डोंगर त्यात बुडून जातो. भाषाही मग मुद्दाम जुनी होते. ‘जैत रे जैत’मधला ठाकर ढोलिया नाग्या लिंगोबाचा डोंगर चढतो तो देखाव्यासाठी नव्हे. त्याचे मधमाश्यांशी वैर आहे, देवाशी भांडण आहे आणि त्याच्या चढण्याला किंमत मोजावी लागते. म्हणूनच त्या डोंगराची प्रत्येक कपार वाचकाच्या हाताला लागते. काम असलेला माणूस डोंगर बारकाईने पाहतो. ‘माचीवरला बुधा’ ही तिच्याहून शांत, आणि माझ्या मते किंचित अधिक गोड कादंबरी आहे. मुंबई सोडून राजमाचीच्या परिसरात परतलेल्या त्या म्हाताऱ्याचे पशुपाखरांशी जुळलेले सख्य मोहवते खरे, पण माचीवरच्या पावसाळ्यात ज्या वेळी कणगी रिकामी होते त्या दिवसांची धग तिथे फारशी लागत नाही. गोनीदांच्या प्रेमळपणाची ती मर्यादा आहे. आपण त्यांच्याकडून प्रेमळपणा तेवढा उचलला आणि पाय तिथेच सोडले.

दुर्गाबाई भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले. दुर्गाबाईंची शिस्त वेगळी. त्या झाडाला ‘झाड’ म्हणून थांबत नाहीत. कोणते झाड, त्याला या महिन्यात काय होते, त्याची फुले गळतात की उमलतात, हे सांगितल्याशिवाय त्यांचे वाक्य पुढे सरकत नाही. माहुलीच्या वाटेवरच्या साग, ऐन, कुडा आणि कारवी या चार नावांनी आपल्या लेखांतली निम्मी विशेषणे अनावश्यक होतील. आणखी एक पुस्तक मी या संदर्भात आवर्जून सुचवीन, जरी ते निसर्गवर्णनासाठी कुणी वाचत नाही: गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०). आसनगावच्या अलीकडच्याच टिटवाळ्याला जानेवारी १९४५ मध्ये किसान परिषद भरली आणि तेथून डहाणू, उंबरगाव, तलासरीकडच्या वारल्यांचा लढा पेटला. गोदावरीबाईंच्या राजकीय विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे पटणार नाही. माझेही सर्वस्वी पटत नाही. पण ठाणे जिल्ह्याचे रान पायी तुडवलेल्या या बाईच्या गद्यात रान हे देखावा होऊन येत नाही, दोन पाड्यांमधले अंतर होऊन येते. कुणाच्या झोपडीत काय शिजले, किंवा शिजले नाही, हे तिला ठाऊक असते. शैलीचा विचार तिने केला असेल असे वाटत नाही. तरीही ते गद्य उभे राहते.

डोंगरावरच्या माणसाला ओलांडून जाण्याची ही खोड आपलीच आहे असे मात्र नाही. तिला युरोपातही जुनी परंपरा आहे. सेमिनरीत आम्ही इटालियन कवी पेट्रार्क याचे एक पत्र अभ्यासले होते. फ्रान्समधील व्हांतू पर्वत आपण २६ एप्रिल १३३६ रोजी धाकट्या भावासह चढलो, असे त्यात तो सांगतो. माथ्यावर त्याने संत ऑगस्टीन यांचे ‘कन्फेशन्स’ उघडले आणि पर्वत-समुद्र पाहत हिंडणारी माणसे स्वतःकडे मात्र पाहत नाहीत, या आशयाचा मजकूर नेमका समोर आल्यावर तो खजील होऊन उतरला. पत्र सुंदर आहे. आत्मपरीक्षणाचा नमुना म्हणून ते आम्हांला शिकवले जाई. पुढे कळले की ते प्रत्यक्षात बऱ्याच वर्षांनी रचून लिहिले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. पण माझे लक्ष आता दुसरीकडेच जाते. पायथ्याशी या भावांना एक म्हातारा मेंढपाळ भेटतो. पन्नास वर्षांपूर्वी मीही चढलो होतो, फाटलेले कपडे आणि खरचटलेले अंग यांपलीकडे काही मिळाले नाही, असे सांगून तो त्यांना परावृत्त करू पाहतो. ते ऐकत नाहीत. नको असलेले सामान त्याच्यापाशी ठेवतात आणि निघतात. तो त्यांना वाटही दाखवतो. पत्राच्या इतिहासात मान पेट्रार्कला मिळाला. मेंढपाळाचे नावही उरले नाही. आपल्या सहलीच्या लेखांतला ‘स्थानिक वाटाड्या’ म्हणजे हाच मेंढपाळ. तो एका वाक्यात येतो आणि ‘पोरगा मोठा चपळ होता’ एवढे प्रशस्तिपत्र घेऊन जातो.

त्या वाटाड्याच्या डोळ्यांनी पावसातली माहुली लिहायची ठरवली तर काय दिसेल? पहिली गोष्ट म्हणजे तो माथ्याकडे पाहत नाही, ओढ्याकडे पाहतो. कान त्याचा सारखा पाण्याकडे असतो. ओढ्याचे पाणी गढूळ होऊन त्यातून पाने-काटक्या वाहू लागल्या की वर कुठेतरी मोठा पाऊस झाला, हे तो ओळखतो आणि परत फिरू या म्हणतो. शहरातली मंडळी हिरमुसतात. डोंगर चढताना उतरण्याचा विचार आधी करायचा, ही त्याची रीत. आपल्या लेखांत उतरण बहुधा नसतेच, लेख माथ्यावरच संपतो. दुसरी गोष्ट, त्याच्या लेखी हा मोसम सहलीचा नाही. उन्हाळ्यात राब भाजून ठेवलेला असतो. पाऊस पडला की रोपे तयार होतात, चिखलणी होते, आवणी लागते. दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बाईच्या पाठीवर पूर्वी पानांचे इरले असे, आता प्लास्टिकचा घोंगता असतो. शालू तिच्या अंगावर नसतो, आणि धरणीला तो नेसवण्याची कल्पना तिला सुचलेली नाही.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. शहापूर-मुरबाडकडची कित्येक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे पाऊस हा त्यांचा घरी येण्याचा काळ. पण हाच धान्य संपण्याचाही काळ. याच महिन्यांसाठी शासनाला आदिवासींकरिता ‘खावटी’ कर्जाची योजना आखावी लागली. त्या एका शब्दात पावसाळ्याचे जे वर्णन आहे ते आपल्या डझनभर लेखांत नाही. अशा वेळी रान पोटाला लावते. पहिल्या पावसात जमिनीतून शेवळे वर येतात, मागून टाकळा, कुरडू, भारंगी. शेवळे आपल्या घरांतही आवडीने खाल्ली जातात. काकडांच्या फळांशिवाय किंवा चिंचेशिवाय ती शिजवली तर घसा खाजतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक असते. ज्या लेखकाने स्थानकाबाहेर शेवळांच्या जुड्या घेऊन बसलेल्या बाईला ती कुठल्या उतारावरून खुडली एवढे विचारले असेल, त्याच्याजवळ लेख आहे. तो तिला ओलांडून डोंगराकडे धावतो.

आणि हे पाणी जाते कुठे? तानसा धरण १८९२ साली बांधून झाले. पुढे भातसाही याच तालुक्यात झाले, आणि आज मुंबईला सर्वाधिक पाणी भातसातूनच मिळते. ज्या तालुक्यावर हा पाऊस कोसळतो त्यातल्या कित्येक पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. रविवारी आपण ज्या सरींत भिजतो त्या सोमवारी आपल्या नळाला येतात. इतका जवळचा संबंध असून एकाही पावसाळी लेखात तो मला आढळला नाही.

कुणी म्हणेल, फादर, पोरे एक दिवस मौजेसाठी जातात, त्यांच्या लेखावर हे ओझे कशाला? आक्षेप रास्त आहे. मौजेला माझा विरोध नाही. घसरून पडलेल्या मित्राला उठवण्याऐवजी हसत सुटणे, ओल्या पिशवीतली ओली भाकरी वाटून खाणे, हे सारे लिहिण्याजोगे आहे आणि खरे म्हणजे तेच फारसे लिहिले जात नाही. परंतु १९ जुलै २०२३ च्या रात्रीनंतर ओल्या उताराविषयीची काही विशेषणे माझ्या हातून लिहवत नाहीत. त्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. ती ठाकरांची वाडी. इर्शाळगड चढणाऱ्यांची वाट तिच्यातूनच जात असे. पावसात भिजलेल्या कितीतरी मंडळींनी तिथल्या ओट्यांवर चहा घेतला असेल. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यात माळीण गाव असेच गाडले गेले, १५१ माणसे गेली. डोंगर कोसळल्याचे दुःख वर्तमानपत्रांनी लिहिले. पण त्या वाडीतून वर गेलेल्या वर्षानुवर्षांच्या सहलवर्णनांत तिथल्या एखाद्या घराचा, एखाद्या म्हातारीच्या चेहऱ्याचा नीट उल्लेख असता, तर गेले ते कोण, हे निदान कागदावर राहिले असते. वर्णन इतकेही काम करू शकते.

पवित्र शास्त्रात डोंगर पुष्कळ आहेत आणि त्यांचे वर्णन कमालीचे काटकसरीचे आहे. सिनायवर ढग उतरतो, होरेबवर वारा आणि भूकंप येतो. वरून काय दिसले हे मात्र जवळजवळ कधीच सांगितलेले नाही. नबो पर्वतावरून मोशेला वचनदत्त देश दिसतो, तो अपवाद, आणि तिथे एकेका प्रदेशाचे नाव घेतलेले आहे. विशेषण नाही, नावे आहेत.

माहुली हा काही थोर पर्वत नव्हे. कळसूबाई ५,४०० फुटांची, माहुली २,८०० च्या आसपास. सकाळी चढून संध्याकाळच्या गाडीने घरी येता येते. लेखकासाठी हेच तिचे भाग्य आहे. थोर पर्वतावर माणसाला स्वतःच्या पराक्रमाची धुंदी चढते. लहान डोंगर तेवढी सोय देत नाही, म्हणून आजूबाजूला पाहायला सवड मिळते. शिवाय तिथे पुन्हा जाता येते. पावसात एकदा, भात पोटरीत आल्यावर एकदा, कापणीनंतर एकदा, अशी एकच वाट तीन वेळा लिहिलेली मला वाचायला आवडेल.

माहुलीच्या डोंगराला लागून सुळके आहेत. त्यांना नवरा, नवरी, भटजी, करवली अशी नावे आहेत. वजीर नावाचा एक सुळका वेगळा. प्रस्तरारोहण करणाऱ्यांच्या टिपणांत त्यांची उंची आणि चढाईची श्रेणी मिळते. सारे वऱ्हाड असे दगडाचे होऊन का उभे राहिले, ही गोष्ट आपल्याकडे आलेल्या एकाही लेखात नाही. पावसाळ्यात सुळके ढगांत असतात, दिसत नाहीत. विचारता मात्र येते.